चुकीला वेसण घालणारे गणित

गुढीपाडवा जवळ आला की गिरगावात शोभायात्रेची लगबग सुरू होते आणि दादरच्या बाजारात साखरेच्या गाठी व कडुनिंबाच्या डहाळ्यांबरोबरच नव्या वर्षाची पंचांगेही दिसू लागतात. त्या चोपडीत पुढच्या बारा महिन्यांतील प्रत्येक तिथीचा आरंभ आणि अंत, ग्रहणांच्या वेळा, गुरू-शनीची स्थाने घटकापळांसह आगाऊ छापलेली असतात. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, ग्रहण मात्र छापलेल्या वेळीच लागते. अजून न घडलेल्या गोष्टीची वेळ आज सांगता येते, ही गणिताची किमया आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे आश्चर्यही आपल्याला वाटेनासे झाले आहे.

मात्र या किमयेपोटी एक अडचण दडलेली आहे. एका वर्षाचे गणित बरोबर आले, म्हणून तेच गणित दहा लाख वर्षांसाठी चालेल काय? प्रत्येक पावलाला होणारी नगण्य चूक साठत साठत डोंगराएवढी झाली तर? गेल्या काही दशकांत गणितज्ञांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर फार उद्‌बोधक आहे. चूक लहान असणे हे एक, आणि चुकीने निसर्गनियमाची चौकट न मोडणे हे दुसरे. दूरच्या प्रवासाला निघायचे असेल तर पहिल्यापेक्षा दुसऱ्याचे मोल अधिक, असे ते उत्तर आहे.

साडेतीन मिनिटांची गोष्ट

साठत जाणाऱ्या चुकीचा धडा पंचांगकर्त्यांनी फार पूर्वीच घेतला आहे. सूर्यसिद्धान्तातील वर्षाचे मान ३६५.२५८७५६ दिवस आहे. ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले प्रत्यक्ष वर्ष ३६५.२५६३६ दिवसांचे आहे. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांहूनही थोडा कमी. एका पिढीला तो जाणवणारही नाही. पण हा फरक नेहमी एकाच दिशेने पडतो, त्यामुळे हजार वर्षांत तो दोन दिवसांच्या पलीकडे जातो.

आपल्या पूर्वसूरींनी यावर शोधलेला उपाय म्हणजे बीजसंस्कार. आकाशाचे वेध घ्यायचे, गणित किती ढळले ते पाहायचे आणि तेवढी दुरुस्ती मूळ आकड्यांत करायची. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले, तेव्हा निरनिराळ्या सिद्धान्तांतून प्रत्यक्षाशी जुळेल ते त्यांनी उचलले. शिवाय दिवसांची संख्या अवाढव्य होऊ नये म्हणून ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र योजून त्यांनी आकडे आटोपशीर ठेवले. आकडेमोड करणाऱ्याचे श्रम आणि त्याच्या चुका या दोहोंचा विचार त्यामागे होता.

एकोणिसाव्या शतकात हीच चिंता मुंबईत नव्याने उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली जहाजांच्या सोयीसाठी, खगोलाचे वेध आणि अचूक वेळ यांकरिता कुलाब्याला वेधशाळा उभारली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, अर्थात केरूनाना, यांनी तरुणपणी तेथे काम केले. युरोपात ग्रहगती कशी मोजतात, कोष्टके कशी रचतात, हे त्यांनी जवळून पाहिले. १८६० मध्ये त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या आधारे १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. पटवर्धनी पंचांग म्हणून ते पुढे ओळखले गेले. डेक्कन कॉलेजातील केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनीही पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला. त्यातून महाराष्ट्रात जो वाद पेटला त्याचा गाभा साधा होता: गणित आणि आकाश यांची फारकत झाली तर कोणाचे खरे मानायचे?

केरूनानांच्या हाती आकाश होते. गणित चुकले तर वेध घेऊन ते सुधारता येत असे. पण जेथे वेध घेणेच अशक्य आहे, तेथे काय करायचे? पाच अब्ज वर्षांनंतरचा बुध कोणी पाहिला आहे? प्रथिनाच्या रेणूत एका सेकंदाच्या अब्जांश भागात होणारी हालचाल कोणी डोळ्यांनी टिपली आहे? तेथे आकडेमोड हाच आपला एकमेव साक्षीदार असतो. तो विश्वासू असावा लागतो.

सूत्र नसेल तेव्हा

निसर्गाचे नियम बहुधा अवकल समीकरणांच्या भाषेत लिहिलेले असतात. ही समीकरणे वस्तू कोठे असेल हे थेट सांगत नाहीत. वस्तू आता कोठे आहे व किती वेगाने जात आहे हे ठाऊक असेल, तर पुढच्या क्षणी तो वेग कसा बदलेल एवढेच ती सांगतात. सूर्याभोवती एकच ग्रह फिरत असेल तर या समीकरणाची उकल नेटक्या सूत्रात मांडता येते. तीच केपलरची लंबवर्तुळाकार कक्षा. परंतु तिसरी वस्तू आली की असे सर्वसाधारण कामाचे सूत्र हाती राहत नाही. मग एकच मार्ग उरतो: काळाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि एकेक पाऊल टाकत पुढे जायचे. लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडलेली रीत सर्वांत सोपी आहे. आताच्या स्थानी आताचा वेग काळाच्या तुकड्याने गुणून मिळवा, म्हणजे नवे स्थान मिळाले. आताच्या वेगात आताच्या ओढीचा परिणाम मिळवा, म्हणजे नवा वेग मिळाला. आणि हेच पुन:पुन्हा करा.

ही रीत आपण गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीतील भिंतीवरच्या घड्याळावर वापरून पाहू. त्याचा लंबक डावीकडून उजवीकडे झुलत असतो. लहान झोक्यासाठी नियम असा की लंबक मध्यापासून जितका दूर, तितकी त्याला मध्याकडे खेचणारी ओढ अधिक. आकडे सोपे व्हावेत म्हणून काळाचे एकक असे घेऊ की ओढ आणि अंतर यांचे आकडे सारखेच येतील. मग एक पूर्ण झोका ६.२८ एककांत होतो. घर्षण नाही असे धरू. अशा लंबकाची ऊर्जा, म्हणजे अंतराचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग, कधीही बदलता कामा नये. ही निसर्गाची अट आहे.

आता ०.१ एककाचे पाऊल घेऊ. आरंभी अंतर १, वेग शून्य; ऊर्जा १. ऑयलरच्या रीतीने पहिल्या पावलानंतर अंतर १ आणि वेग उणे ०.१ येतो. ऊर्जा झाली १.०१. दुसऱ्या पावलानंतर अंतर ०.९९, वेग उणे ०.२, ऊर्जा १.०२०१. ज्याला शंका असेल त्याने पुढची चार-सहा पावले कागदावर करून पाहावीत. प्रत्येक पावलाला ऊर्जा नेमकी एक टक्का वाढते, अगदी चक्रवाढ व्याजासारखी. एका झोक्याची साधारण ६३ पावले. पहिला झोका पुरा होईपर्यंत ऊर्जा १.८७ पट होते. दहा झोक्यांनंतर ती पाचशे पटींहून अधिक होते आणि लंबक मूळच्या बावीस पट लांब झोके घेऊ लागतो. असे घड्याळ भिंत फोडून शेजाऱ्यांच्या बिऱ्हाडात शिरेल!

एका शब्दाचा फरक

आता या रीतीत एकच बदल करू. आधी नवा वेग काढू आणि स्थान पुढे सरकवताना जुन्या वेगाऐवजी हा नवा वेग वापरू. काम तेवढेच, बेरजा तेवढ्याच, फक्त क्रम निराळा. पहिल्या पावलानंतर वेग उणे ०.१, अंतर ०.९९, ऊर्जा ०.९९०१. दुसऱ्यानंतर वेग उणे ०.१९९, अंतर ०.९७०१, ऊर्जा सुमारे ०.९८०७. यावेळी ऊर्जा घटते आहे, म्हणजे चूक आहेच. पण पुढे जात राहिलो तर ती घट थांबते, ऊर्जा परत वर येते, थोडी वर जाते, पुन्हा खाली येते. दहा झोक्यांनंतर पाहा, दहा लाख झोक्यांनंतर पाहा; ती ०.९५ आणि १.०६ यांच्या आतच घोटाळत राहते. चूक नाहीशी झालेली नाही, मात्र तिला वेसण बसली आहे.

असे का होते? या नव्या रीतीत आणखी एक राशी दडलेली आहे. अंतराचा वर्ग अधिक वेगाचा वर्ग, उणे अंतर, वेग व पाऊल यांचा गुणाकार. वरच्या दोन्ही पावलांचे आकडे त्यात घालून पाहिले तर उत्तर बरोबर १ येते, आणि पुढे कितीही पावलांनी ते १ च राहते. याचा अर्थ असा की ही रीत आपल्या लंबकाचे गणित थोडे चुकवते खरे. पण ती शेजारच्या, किंचित निराळ्या अशा एका लंबकाचे गणित मात्र बिनचूक करते. त्या शेजारच्या लंबकालाही स्वत:ची ऊर्जा आहे आणि तीही कायम राहते. आपल्या जगापासून केसभर हटलेले, परंतु तितकेच नियमबद्ध असे ते जग आहे. ऑयलरच्या मूळ रीतीला असा कोणताच नियम सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल, ऑयलरची रीत अडीचशे वर्षांपूर्वीची. आता तिच्याहून सूक्ष्म रीती आहेत. खरे आहे. कार्ल रुंगे आणि विल्हेल्म कुट्टा यांनी १९०० च्या आगेमागे बांधलेली चौथ्या कोटीची रीत आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. ती आपल्या लंबकाला लावली तर प्रत्येक पावलाला ऊर्जा फक्त सात कोटींत एक भाग इतकी घटते. दिवसभराच्या गणिताला याहून अधिक काय हवे? पण ही घट नेहमी एकाच दिशेने होते. दहा लाख झोक्यांनंतर ऊर्जा मूळच्या सुमारे ४२ टक्क्यांवर येते. दोन सेकंदांचा एक झोका धरला तर हे अवघ्या २३ दिवसांत घडते. घर्षणच नसलेला लंबक कागदावर हळूहळू मरू लागतो. सूर्यसिद्धान्ताच्या साडेतीन मिनिटांचीच ही नवी आवृत्ती होय. उलट आपली ती बाळबोध रीत एका पावलापुरती खूपच ढोबळ असूनही तेवीस दिवसांनी पाच टक्क्यांच्या घरातच असते.

काय जपायचे?

ही रीत नेमके काय जपते? समजा, एका लंबकाऐवजी आपण शेकडो लंबक घेतले. प्रत्येकाचे सुरुवातीचे अंतर आणि वेग थोडे निरनिराळे. आलेखाच्या कागदावर आडवे अंतर, उभा वेग अशी प्रत्येकाची खूण केली तर खुणांचा एक ठिपका, एक डाग तयार होईल. काळ जाईल तसा हा डाग सरकेल, लांबेल, वाकेल. पण त्याचे क्षेत्रफळ मात्र कधीच बदलणार नाही. विसर्जनाच्या दिवशी लालबागमध्ये खांद्याला खांदा लावून चाललेला जमाव अरुंद गल्लीत शिरला की लांबट होतो, रस्त्यावर आला की पसरतो. पण माणसे आणखी दाबली जाऊ शकत नसल्यामुळे त्याने व्यापलेली जागा तेवढीच राहते. काहीसा तसाच हा प्रकार. घर्षणविरहित यांत्रिकीचा हा गुणधर्म एकोणिसाव्या शतकात हॅमिल्टन आणि ल्यूव्हिल यांच्या कार्यातून स्पष्ट झाला.

ऑयलरची रीत प्रत्येक पावलाला हा डाग एक टक्क्याने फुगवते. क्रम बदललेली रीत त्याचे क्षेत्रफळ तंतोतंत राखते, पाऊल लहान असो वा मोठे. अनेक वस्तू असल्या तर प्रत्येकीचे स्थान आणि संवेग यांची जोडी करून अशा सर्व जोड्यांच्या क्षेत्रफळांची एक बेरीज सांभाळावी लागते. हरमान वाइल यांनी १९३९ मध्ये या रचनेला ग्रीक भाषेवरून ‘सिम्प्लेक्टिक’ हे नाव दिले. त्याचा मूळ भाव ‘एकत्र गुंफलेले’ असा आहे. स्थान आणि संवेग वेणीच्या पेडांसारखे एकमेकांत गुंफलेले असतात आणि चांगल्या रीतीने ती वेणी सुटू द्यायची नाही, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

गंमत अशी की या रीतीचे बीज न्यूटनच्या १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’तच आहे. ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते, हा केपलरचा नियम सिद्ध करताना न्यूटनने ग्रहाची वक्र कक्षा मोडून तिच्या सरळ रेषा केल्या. ग्रह काही काळ सरळ जातो. मग सूर्याच्या दिशेने त्याला एक धक्का बसतो. बदललेल्या वेगाने तो पुन्हा सरळ जातो. धक्का बसला नसता तर त्याने तेवढ्याच काळात तेवढेच अंतर सरळ कापले असते आणि सूर्याशी होणारा त्रिकोण आधीच्या त्रिकोणाएवढाच झाला असता, कारण पाया सारखा, उंची सारखी. धक्का सूर्याच्याच दिशेने असल्यामुळे त्रिकोणाचे टोक सूर्य-ग्रह रेषेला समांतर सरकते आणि क्षेत्रफळात फरक पडत नाही. आधी धक्का, मग नव्या वेगाने चाल: हीच आपली क्रम बदललेली रीत. तिच्यात केपलरचा हा नियम प्रत्येक पावलाला अचूक पाळला जातो. न्यूटनला आकडेमोड करायची नव्हती, सिद्धता द्यायची होती. तरीही त्याने उचललेली वाट रचना जपणारी होती.

कुलाब्याचे यंत्र आणि ८६४ अणू

या विचाराची खरी गरज संगणक आल्यावर भासली, कारण हाताने कोणी कोट्यवधी पावले टाकत नव्हते. १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळचा मोठा संगणक आला. त्याच वर्षी, त्याच जातीच्या यंत्रावर, पण अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत, हैदराबादेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल पावलापावलाने मोजून दाखवली. एकेक पाऊल सेकंदाच्या शंभर लाख कोटींश भागाचे. अणूंना न्यूटनचे नियम लावून द्रवाचे गुणधर्म संगणकातून काढता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. रेण्वीय गतिकी या शाखेच्या जनकांत रहमान यांची गणना होते.

रहमान यांची आकडेमोडीची रीत निराळी होती. तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, फ्रान्सच्या लू व्हेर्ले यांनीही ८६४ अणूंचेच गणित केले, मात्र त्यासाठी एक अत्यंत साधी रीत वापरली. नॉर्वेचे कार्ल स्टर्मर यांनी १९०७ च्या सुमारास ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासात तीच योजली होती. अर्धा धक्का, पूर्ण चाल, पुन्हा अर्धा धक्का, असे तिचे एक रूप आहे. आपल्या लंबकाला ती लावली तर ऊर्जेतील चढउतार पाच टक्क्यांवरून पाव टक्क्यावर येतो, आणि वेसण कायम राहते. व्हेर्ले यांना ती सोपी म्हणून भावली. ती रचना जपते म्हणून टिकते, याचा उलगडा पुढे झाला. आज औषधाचा रेणू शरीरातील प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल हे संगणकावर पाहताना बहुधा याच घराण्यातील रीती वापरतात. तेथे एक पाऊल सेकंदाच्या पद्मांश भागाच्या दुपटीएवढे, म्हणजे दोन फेम्टोसेकंदांचे असते. सेकंदाचा केवळ दहा लाखावा भाग पाहायचा तर पन्नास कोटी पावले टाकावी लागतात. प्रत्येक पावलाला ऊर्जा एकाच दिशेने जरा जरी गळली तरी रेणू कागदावर थिजेल किंवा उकळेल, आणि परळच्या रुग्णालयातील खाटेपर्यंत पोहोचायच्या औषधाचा शोध पहिल्याच टप्प्यावर भरकटेल.

ही रीत का टिकते, हे ओळखून तशा रीती मुद्दाम घडवण्याचे काम १९८० च्या दशकात वेगाने झाले. कणत्वरकांत फिरणाऱ्या कणांसाठी अमेरिकेच्या रोनाल्ड रूथ यांनी १९८३ मध्ये आणि यांत्रिकीच्या व्यापक चौकटीत बीजिंगच्या फेंग कांग यांनी १९८४ पासून ही दिशा मांडली. जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या महात्वरकात प्रोटॉन एका सेकंदात अकरा हजारांहून अधिक फेऱ्या मारतो. दहा तासांत चाळीस कोटी फेऱ्या! एवढ्या फेऱ्यांत तो नळीच्या भिंतीवर तर आदळणार नाही ना, हे आधी गणितानेच तपासावे लागते. गणितानेच ऊर्जेची भर घातली तर चांगले यंत्रही सदोष ठरेल. त्या त्वरकावरील सीएमएस प्रयोगात कुलाब्याच्या टाटा संस्थेचाही वाटा आहे.

सूर्यमाला टिकेल काय?

पण सर्वांत मोठा प्रश्न आपल्याला पुन्हा ग्रहांकडेच नेतो. ग्रह एकमेकांनाही ओढत असतात. मग सूर्यमाला अशीच स्थिर राहील काय? न्यूटनपासून थोरामोठ्यांना छळणारा हा प्रश्न. १९८८ मध्ये जेराल्ड ससमन आणि जॅक विस्डम यांनी खास बांधलेल्या यंत्रावर ८४ कोटी ५० लाख वर्षांचे गणित करून प्लूटोची गती अराजकी असल्याचे दाखवले. १९९१ मध्ये विस्डम आणि मॅथ्यू होल्मन यांनी ग्रहांसाठी रचना जपणारी एक कल्पक रीत मांडली. सूर्याभोवतीची केपलरची कक्षा सूत्राने अचूक काढायची आणि ग्रहांच्या परस्पर ओढीचे फक्त अधूनमधून धक्के द्यायचे. त्यामुळे पावले मोठी टाकता आली आणि बाहेरच्या ग्रहांचे शंभर कोटींहून अधिक वर्षांचे गणित आधीच्या रीतींच्या मानाने सुमारे दसपट वेगाने पुरे झाले.

२००९ मध्ये पॅरिसच्या जाक लास्कर आणि मिकाएल गास्तिनो यांनी अशाच रीतीने सूर्यमालेची २५०१ भविष्ये पाच अब्ज वर्षांपर्यंत मोजली. प्रत्येक भविष्यात आरंभीचा फरक एवढाच की बुधाच्या कक्षेचा आकार एक मिलिमीटरहूनही कमी, ०.३८ मिलिमीटरने, निराळा. त्यांपैकी सुमारे एक टक्का भविष्यांत बुधाची कक्षा इतकी लांबट झाली की तो शुक्रावर किंवा सूर्यावर आदळण्याची शक्यता निर्माण झाली. एका भविष्यात तर साडेतीन अब्ज वर्षांच्या आतच पृथ्वीदेखील संकटात सापडली. ९९ टक्के भविष्यांत मात्र सारे सुरळीत राहिले.

आता विचार करा, ही आकडेमोड ऊर्जा गळणाऱ्या किंवा फुगणाऱ्या रीतीने केली असती तर? बुध सूर्यावर आदळला तो निसर्गामुळे की गणितज्ञाच्या रीतीमुळे, हे सांगता आले नसते. एक टक्का या आकड्याला काही अर्थ आहे, तो आकडेमोड विश्वासू असल्यामुळेच.

मर्यादांचेही भान हवे

कोणतीही रीत सर्वगुणसंपन्न नसते. रचना जपली म्हणजे भविष्य अचूक कळले असे नव्हे. लास्कर यांच्याच गणितानुसार आज पृथ्वीच्या स्थानात १५ मीटरांची चूक असेल तर एक कोटी वर्षांनी ती १५० मीटर होते, पण दहा कोटी वर्षांनी पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराएवढी! तेव्हा पृथ्वी नेमकी कोठे असेल हे कोणीही सांगू शकत नाही. रचना जपणारी रीत शक्यतांचे खरे चित्र देते, तारीखवार वेळापत्रक नव्हे.

दुसरे म्हणजे जवळच्या पल्ल्याला ही रीत लागतेच असे नाही. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या ग्रहस्थितीच्या सारण्या जगभर वापरल्या जातात. त्या अत्यंत सूक्ष्म पण वेगळ्या घराण्यातील रीतींनी काढलेल्या असतात, आणि त्यांना दुर्बिणी, रडार व यानांच्या वेधांची जोड असते. पुढच्या वर्षीच्या ग्रहणाला एवढे पुरते. केरूनानांचा मार्ग तेथे आजही चालू आहे. तिसरे, घर्षण असलेल्या यंत्रात ऊर्जा खरोखरच कमी होते. तेथे ती कायम राखणारे गणित खोटे ठरेल. आणि चौथे, सगळेच जपता येत नाही. १९८८ मध्ये झोंग गे आणि जेरोल्ड मार्सडेन यांनी दाखवले की सर्वसाधारणपणे ठरावीक पावलांची रीत सिम्प्लेक्टिक रचना आणि नेमकी ऊर्जा ही दोन्ही एकाच वेळी राखू शकत नाही. राखलीच, तर ती मूळ समीकरणाची बिनचूक उकलच झाली असती. म्हणून काय जपायचे आणि कशाला थोडी मोकळीक द्यायची, हे आधी ठरवावे लागते.

आपल्या गिरगावच्या घड्याळावरही हेच दिसते. क्रम बदललेल्या रीतीने झोका ना मरतो ना फुगतो. मात्र तो थोडा जलद होतो. आपल्या आकड्यांनुसार असे घड्याळ दिवसाला ३६ सेकंद पुढे जाईल. रुंगे-कुट्टांचे घड्याळ दिवसाला सेकंदाचा दहावा भागही चुकणार नाही, पण महिन्याभरात त्याचा झोका निम्म्याहून अधिक ऊर्जा गमावून बसेल. दिवसाची वेळ हवी असणाऱ्याने दुसरे घ्यावे, पिढ्यान्‌पिढ्या चालणारे हवे असणाऱ्याने पहिले.

गिरण्या चालू होत्या तेव्हा लालबाग-परळची माणसे भोंगा झाला की घरातली घड्याळे लावून घेत. पुढे गेलेले घड्याळ मागे घेता येते, मागे पडलेले पुढे सारता येते. बंद पडलेल्या घड्याळाला मात्र भोंग्याचा काही उपयोग नसतो. पाच अब्ज वर्षांच्या वाटेवर भोंगाही नाही. तेथे जाणाऱ्या गणिताचा झोका निदान तगून राहावा, एवढी काळजी गेल्या काही दशकांत गणितज्ञांनी घेतली आहे.